न मागितलेला अर्धा तास

सुर्लीचा घाट उतरायला लागलात की कडेगावचा माळ मागं पडतो आणि खाली कृष्णेचं हिरवं खोरं दिसू लागतं. हा रस्ता तुमच्या रोजच्या पायाखालचा. कॉलेजला, दवाखान्याला, बाजाराला कऱ्हाड गाठायचं तर हाच. आज मात्र वळणं संपता संपता डांबर संपतं. एसटीची घरघर थांबते. पायाखाली खडी आणि फुफाटा आहे, समोरून एक बैलगाडी चढाला लागली आहे, आणि गाडीवान तुमचे कपडे बघून कासरा ओढतो.

“कुठलं पावणं?”

तुम्ही कडेगाव सांगता. तो मान हलवतो. कडेगाव त्याला ठाऊक आहे, पण तालुक्याचं ठिकाण म्हणून नव्हे. खानापूर तालुक्यातलं, सातारा जिल्ह्यातलं, मोहरमला उंच ताबूत निघतात ते गाव म्हणून. सांगली जिल्हा व्हायला अजून अवकाश आहे. साल आहे १९४३, महिना जून.

गाडीवान आवाज खाली आणतो. याच महिन्याच्या ७ तारखेला शेणोलीजवळ सरकारच्या पगाराची आगगाडी लुटली गेली, तेव्हापासून वाटेवाटेवर पोलीस आहेत. नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करतंय. रात्री कुणाच्या माळ्यावर कोण झोपलंय हे या मुलखात विचारायचं नसतं. तुम्हीही विचारत नाही. ओगलेवाडीला काचेचा कारखाना लागतो, जिथले प्रभाकर कंदील तुमच्या आजीच्या घरातही होते. कृष्णा ओलांडून तुम्ही कऱ्हाडात शिरता आणि टिळक हायस्कूलसमोर येऊन थांबता.

ही शाळा तुम्हाला परकी नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण इथंच शिकले. आज तुम्ही ज्याला बघायला आला आहात तोही इथलाच विद्यार्थी. शाळा सुटते, पोरांचा लोंढा बाहेर पडतो, आणि त्यात तो दिसतो: सतरा वर्षांचा, उंचीला बेताचा, खांदे रुंद, मान आखूड आणि घट्ट. खाशाबा दादासाहेब जाधव. गाव गोळेश्वर, कऱ्हाडला लागूनच. जन्म १५ जानेवारी १९२६, पाच भावांत धाकटा. वडील स्वतः पैलवान. भूमिगतांचे निरोप आणि पत्रं पोचवणं, त्यांना लपायला आसरा देणं ही कामंही तो करतो. त्याबद्दल तो आयुष्यभर फारसं बोलणार नाही.

तुम्ही त्याच्या मागोमाग गोळेश्वरला जा. तालमीचं दार ठेंगणं असतं, वाकूनच आत जावं लागतं. आत अंधार, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती आणि मधे हौदा. माती लाल आहे, पण नुसती माती नव्हे. खोऱ्यानं उकरून, ढेकळं फोडून, चाळून घेतलेली, ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मुरवलेली. मूठभर उचलून बघा. हाताला ती मऊ लागते आणि ओलसर राहते. तिचा वास नाकात बसला की दिवसभर जात नाही. पोरं जोर मारताहेत, त्यांच्या पाठीवरून घाम मातीत ठिबकतोय. वस्ताद भिंतीला टेकून उभे आहेत आणि एका शब्दानं चूक दाखवताहेत: “मान!” तेवढ्यावर पोरगं मान सावरतं.

खाशाबा हौद्यात उतरतो. समोरचा त्याच्यापेक्षा हातभर उंच. सलामी होते, थोडी खडाखडी होते. उंच गडी त्याच्या मानेवर वजन टाकून त्याला खाली दाबायला बघतो. खाशाबा दबतो. तुम्हाला वाटतं, गेला. पण तो दबता दबताच वळलेला असतो. त्याचा हात समोरच्याच्या मानेभोवती गेलेला असतो, कंबर खाली घुसलेली असते, आणि एका पिळासरशी तो उंच गडी त्याच्या अंगावरून मातीत येतो. ढाक. हा डाव बघताना सगळ्यात आधी लक्ष हातांकडं जातं, आणि तिथंच फसगत होते. ढाकेचं सगळं बळ कमरेत आणि वेळेत असतं. अर्धा क्षण उशीर झाला तर मारणाराच खाली जातो. खाशाबाला उशीर होत नाही. उंचीनं जे दिलं नाही ते त्यानं वेळेत मिळवलंय. पुढं परदेशात जे त्याला कामाला येईल ते हेच.

मातीत गुण नसतात. पाठ लागली की कुस्ती झाली, नाही लागली तर चालू राहिली, नाहीतर बरोबरीत सुटली. अख्खा फड पंच असतो. कुणाची पाठ कधी लागली हे हलगी वाजवणारालाही कळतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जिथं जायचंय तिथं असं नाही.

पाच वर्षं पुढं या. १९४८, कोल्हापूर. इथं शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं मैदान आहे, पेठेपेठेत तालीम आहे, आणि राजाराम कॉलेजात आता खाशाबा शिकतोय. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी त्याला तयार करताहेत. कॉलेजच्या स्पर्धांत त्याचं नाव घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते असं सांगतात, अंगकाठी बघून. मग तो थेट प्राचार्यांकडं गेला. प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली. खाशाबानं कुस्त्या मारल्या. खर्डेकर हे नाव ध्यानात राहू द्या.

त्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं तो लंडनच्या ऑलिंपिकला जातो. तुम्हीही जा, पण तिथं फार वेळ थांबू नका. लंडन अजून युद्धातून सावरलेलं नाही, रेशन चालू आहे, बॉम्बनं पडलेल्या घरांच्या जागा तशाच मोकळ्या आहेत. अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये कुस्त्या आहेत, आणि तिथं माती नाही. गादी आहे. मातीवर पाय रुततो, गादीवर घसरतो. मातीत गडी दमवून, वेळ घेऊन पाडता येतो. इथं घड्याळ चालू आहे, शिट्टी आहे, हिरव्या-लाल खुणा दाखवणारे पंच आहेत, आणि पाठ न लावताही माणूस जिंकू शकतो. रीस गार्डनर नावाचा अमेरिकन प्रशिक्षक या मुलांना गादीची भाषा शिकवतोय. ती शिकायला मिळालेला वेळ फार थोडा. तरी ५२ किलो गटात खाशाबा ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला हरवतो, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवतो, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून हरतो. सहावा क्रमांक. गादीवर जवळपास नवखा असलेला माणूस जगात सहावा येतो, हे मला आजही पदकाइतकंच मोठं वाटतं.

परत आल्यावर पुढची चार वर्षं काय, तर मेहनत. वजन वाढवून तो ५७ किलो गटात येतो. संस्थानं विलीन होतात, १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात जातं. लंडनला जाताना महाराजांनी जी थैली दिली ती पुढच्या वेळी कोण देणार, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात येत नाही.

१९५२ साल. आधी मद्रासला डोकावून या. राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दासशी खाशाबाची कुस्ती आहे आणि ती एका गुणानं गेली असं पंच सांगतात. खाशाबाला निकाल मान्य नाही. तो पटियालाच्या महाराजांकडं दाद मागतो. यादविंद्रसिंग भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष आहेत आणि कुस्तीतलं त्यांना कळतं. ते पुन्हा कुस्ती लावतात. या वेळी गुण मोजायची पाळीच येत नाही. खाशाबा पाठ लावतो. हेलसिंकीचं नाव पक्कं होतं.

नाव पक्कं झालं, तिकिटाचं काय? इथं जरा थांबा, कारण खरी लढत इथं आहे.

हेलसिंकी फिनलंडमध्ये, युरोपच्या उत्तर टोकाला. जायचा खर्च खेळाडूनंच उभा करायचाय. मुंबई सरकारकडं पुन्हा पुन्हा अर्ज जातात. मोरारजी देसाई मुख्यमंत्री झालेत. हाती येतात ते चार हजार रुपये, आणि ते पुरत नाहीत. मग गोळेश्वर उठतं. तुम्ही गावात त्या दिवसांत फिरून बघा. कुणी पैसे देतंय, कुणी धान्य, दुकानदार वाटेत लागेल तो शिधा बांधून देताहेत. एका ओसरीवर एक म्हातारी कनवटीचा रुपया काढते आणि विचारते, “तिकडं लई थंडी असती व्हय?” हेलसिंकी कुठं आहे हे तिला माहीत नाही, आणि सांगूनही फरक पडणार नाही. गावचं पोरगं कुस्तीला चाललंय, जत्रेला निघालेल्या पैलवानाला गाव खुराक देतं तसा हा खुराक. फक्त फड लांब आहे.

तरी भरत नाही. मग तुम्ही कोल्हापूरला खर्डेकरांच्या घरी या. प्राचार्यांचं घर म्हणजे पुस्तकं आणि येणारीजाणारी माणसं. बॅरिस्टर खर्डेकर त्या घराची कागदपत्रं काढतात आणि घर गहाण ठेवतात. सात हजार रुपये. १९५२ चे सात हजार. पोरगं हरून आलं तर हे पैसे कुठून फिटणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असेलच, कारण ते कायद्याचे माणूस. तरी त्यांनी सही केली. मला या सगळ्या गोष्टीत खाशाबांच्या ढाकेनंतर दुसरी कुठली गोष्ट तितक्या बळाची वाटत असेल तर ती ही सही.

आता चला हेलसिंकीला. जुलै चालू आहे. रात्री दहा वाजून गेले तरी उजेड आहे आणि तुम्हाला झोप कशी घ्यायची तेच कळत नाही. १९ तारखेला पावसात उद्घाटन झालं. पावो नुर्मी हा फिनलंडचा म्हातारा झालेला धावपटू ज्योत घेऊन मैदानात आला तेव्हा सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला आलाय. जर्मनी आणि जपान युद्धानंतर पहिल्यांदा. एमिल झाटोपेक नावाचा चेक माणूस तोंड वेडंवाकडं करत धावतो आणि सगळ्यांच्या पुढं असतो. शहरभर गर्दी आहे, पण तुम्हाला ज्या हॉलमध्ये जायचंय त्याचं नाव मेस्सुहल्ली. एरवी तिथं प्रदर्शनं भरतात. आत उंच छत, दिव्यांचा पांढरा झोत आणि खाली गादी. लाल मातीचा कण नाही.

खाशाबा आता सव्वीस वर्षांचे आहेत. पायात बूट, अंगात कुस्तीचा घट्ट पोशाख. कोल्हापूरचे केशव माणगावेही ६२ किलो गटात लढताहेत. ते अगदी पदकापाशी पोचून मुकणार आहेत.

पहिली कुस्ती कॅनडाच्या आद्रियाँ पोलिकँशी. त्याच्या देशात थंडी पडली की गावोगाव बर्फावर हॉकीची मैदानं तयार होतात. चांगला खेळाडू निघाला तर मॉन्ट्रियलचा किंवा टोरांटोचा क्लब त्याला पगारी ठेवतो. त्याच्यामागं प्रशिक्षक असतो, मालिशवाला असतो, डॉक्टर असतो. त्या खेळाची रीत बघण्यासारखी आहे. वीस-वीस मिनिटांचे तीन टप्पे, मधे विश्रांती. शिवाय बर्फावर उतरलेला गडी थोडा वेळ जीव तोडून पळतो, मग बाकावर येतो आणि दुसरा त्याच्या जागी उडी घेतो. कुणाचा दम किती टिकतो आणि कुणाला कधी बसवायचं, हे बाकामागं उभा असलेला माणूस बघतो. खेळणाऱ्यानं फक्त खेळायचं. तुम्ही मेस्सुहल्लीत बसून खाशाबांच्या मागच्या बाजूला बघता. बाक आहे. बाकामागं त्यांच्यासाठी उभं राहील असं कुणी दिसत नाही.

पोलिकँची पाठ लागते. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोची पाठ लागते. जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ चिवट निघतो, तोही मागं पडतो. तुमच्या शेजारी बसलेला एक फिन माणूस, ज्याला तुमची भाषा येत नाही आणि तुम्हाला त्याची, तो हाताच्या पंज्यानं दाखवतो: हा बुटका, कमरेनं पाडतो! तुम्ही मान डोलावता. घशात काहीतरी दाटून येतं. या हॉलमध्ये गोळेश्वरची तालीम आणि वस्तादांची “मान!” अशी हाक फक्त तुम्हालाच माहीत आहे.

त्या काळी बाद होण्याची पद्धत वेगळी होती. प्रत्येक कुस्तीत उणे गुण जमत जात आणि ठरावीक झाले की माणूस बाहेर पडे. शेवटी जे उरतील त्यांनी आपसात लढायचं. ५७ किलो गटात शेवटी तिघं उरतात. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह आणि आपले खाशाबा.

इशीला नीट बघा. तोही मुळात या गादीचा नाही. तो ज्युडो खेळायचा. युद्धात जपान हरल्यावर अमेरिकन फौजांनी ज्युडोवर बंदी आणली, तेव्हा तो कुस्तीकडं वळला. एक मातीतून आलाय, एक ज्युडोतून, आणि दोघांनी दुसऱ्याचा खेळ शिकून इथवर मजल मारलीय. ही लढत बघायलाच खरं तर तुम्ही आलात.

शिट्टी होते. इशी वाकून चालतो, त्याचे हात सतत पायांकडं. खाशाबा अंतर ठेवतात, मानेला हात घालायला बघतात. पहिली काही मिनिटं कुणाचंच काही चालत नाही. मग इशी पटात शिरतो, खाशाबा पाय मागं फेकून सुटतात. पुन्हा शिरतो, पुन्हा सुटतात. पाच मिनिटं, सात, दहा. मातीत अशी कुस्ती रंगली की हलगी चढत जाते आणि गड्याला तिचाच आधार होतो. इथं हॉल शांत आहे, फक्त बुटांचा आवाज आणि दोघांचा श्वास. एकदा खाशाबांचा हात मानेभोवती बसतो. तुम्ही उठून उभे राहता. कंबर वळते, पण इशीनं वजन खाली टाकलेलं असतं. ज्युडोवाल्याला हा डाव ओळखीचा आहे. ढाक अर्ध्यातच राहते. कुस्ती पंधरा मिनिटं चालते. पंधरा मिनिटं म्हणजे काय हे ज्यानं हौद्यात दोन मिनिटं काढलीत त्याला विचारा. शेवटी पंच इशीला जिंकलेला ठरवतात.

खाशाबा बाजूला येतात. छाती भात्यासारखी वरखाली होतेय. दंडाच्या शिरा अजून फुगलेल्या आहेत, बोटं पूर्ण उघडत नाहीत. ज्यांनी पंधरा मिनिटं पकड धरलीय त्यांची बोटं काही वेळ अशीच आखडून राहतात. त्यांना आता बसायचंय, पाणी घ्यायचंय, अंगावर काहीतरी टाकून घाम सुकू द्यायचाय.

आणि नाव पुकारलं जातं. मामेदबेयोव्हशी कुस्ती. आत्ता.

नियम आहे. दोन कुस्त्यांच्या मधे किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे. तो नियम छापलेला आहे, पंचांना माहीत आहे, पण मागितल्याशिवाय तो मिळत नाही, आणि मागायला एक माणूस लागतो. भारतीय पथकाचा अधिकारी, हातात नियमांचं पुस्तक, छातीवर बिल्ला, टेबलापाशी जाऊन ‘थांबा’ म्हणणारा. तुम्ही हॉलभर नजर फिरवता. तसा कुणी नाही. पथकात अधिकारी आहेत, पण या घडीला या हॉलमध्ये कुणी नाही.

तुम्ही पायऱ्या उतरून खाली धावता. दोरीपाशी एक फिन स्वयंसेवक तुम्हाला अडवतो. तुम्ही मराठीत बोलता, मग येईल तशा इंग्रजीत बोलता. तो नम्रपणे हात आडवा धरून उभा राहतो, कारण तुमच्याकडं बिल्ला नाही आणि तुम्ही या सालातले नाही. खाशाबांना हे सगळं इंग्रजीत भांडून मागता आलं असतं का? कॉलेज शिकलेला माणूस, बोलला असता कदाचित. पण ज्याच्या छातीत श्वास मावत नाहीये त्यानं लढायचं की भांडायचं? तो आखडलेली बोटं एकदा उघडमीट करतो आणि गादीवर जातो.

ही कुस्ती बघवत नाही. मामेदबेयोव्ह ताजा आहे आणि चांगला मल्ल आहे, त्यात त्याचा काही दोष नाही. खाशाबांचे डाव निघतात, पण प्रत्येक डाव त्या अर्ध्या क्षणानं उशिरा. आयुष्यभर जो उशीर त्यांना कधी झाला नाही तो आज होतोय. वेळ संपते. सोव्हिएत मल्ल जिंकतो.

२३ जुलै १९५२. पायरीवर मधे इशी, त्याच्या एका बाजूला मामेदबेयोव्ह, दुसऱ्या बाजूला खाशाबा. हेलसिंकीत जपानला मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. आणि तिसऱ्या काठीवर तिरंगा चढतो. स्वतंत्र भारताच्या एका माणसानं एकट्यानं जिंकलेलं पहिलं ऑलिंपिक पदक. तुम्ही रडता, आणि त्यातलं किती आनंदाचं नि किती त्या अर्ध्या तासाचं हे सांगता येत नाही. अर्धा तास मिळता तर सुवर्णच मिळालं असतं असं मी म्हणणार नाही. इशी त्या दिवशी भारी होता. पण रुपेरी पदकासाठीची लढत बरोबरीची झाली असती, एवढं तरी त्या माणसाचं देणं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, हॉकीचा अंतिम सामना आहे. वेलोड्रोमच्या मैदानावर, गवतावर. भारत नेदरलँड्सला ६–१ असं हरवतो. सहापैकी पाच गोल एकट्या बलबीर सिंगांचे. ओळीनं पाचवं सुवर्ण. हॉकीच्या मुलांनी ते घामानं मिळवलं होतं, त्यांच्या आनंदात कुणी कमी करू नये. पण दुसऱ्या दिवशी देशात ज्या मोठ्या अक्षरांत बातमी गेली ती हॉकीची होती, आणि कऱ्हाडच्या कांस्यपदकाला राहिली ती उरलेली जागा.

आता पटापट पुढं चला. १९५५: खाशाबा मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक होतात. पुढच्या वर्षी मेलबर्नला जायचं ते गुडघ्याच्या दुखापतीनं राहून जातं. सत्तावीस वर्षं नोकरी, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्ती, आणि मग निवृत्तिवेतनासाठी खेटे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतीच्या दौडीत त्यांना बोलावलं जातं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात ते जातात. १९९६: अटलांटात लिएंडर पेसला टेनिसमध्ये कांस्य मिळतं, म्हणजे एकट्या भारतीयाला दुसरं पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली. त्यानंतर दिल्लीला आठवण होते. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार येतो. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळतं. पद्म पुरस्कार त्यांना मिळालेला नाही. २०१७ मध्ये, जाहीर झालेली कुस्ती प्रबोधिनी गोळेश्वरला उभी राहत नाही म्हणून, कुटुंब त्यांचं पदक लिलावात काढायची तयारी दाखवतं. पुढं महाराष्ट्रानं १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन ठरवला. ते चांगलं झालं. कडेगाव तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत त्या दिवशी मैदानावर पोरांना उभं करून हेलसिंकीची कुस्ती सगळी सांगावी, त्या अर्ध्या तासासकट, असं मला मनापासून वाटतं. कारण तुमच्याही गावातून उद्या कुणी पोरगी गादीवर उतरून दूर देशी जाईल. तिच्यासोबत खेळ शिकवणारा जाईलच. नियमांचं पुस्तक घेऊन टेबलापाशी उभा राहणाराही जायला हवा.

एवढं बघून झालं की १९५२ लाच परत या, कारण एक काम राहिलंय.

कऱ्हाडचं स्टेशन. मीटरगेजची गाडी धापा टाकत उभी राहते. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. स्टेशनाबाहेर बैलगाड्यांची रांग लागलीय, शंभराहून जास्त. शिंगांना रंग, पाठीवर झुली. लेझीम, ढोल, हलगी. गोळेश्वर इथून काही फार लांब नाही, पण मिरवणूक गावात पोचायला तासन् तास लागतात. वाटेतली प्रत्येक वस्ती गाडी अडवते, ओवाळते, गुलाल टाकते. कडेगाव, वांगी, देवराष्ट्रे अशा तुमच्याकडच्या गावांतूनही पैलवान आले असणार. तुम्ही त्या गर्दीत शिरा. एक फेटेवाला तुम्हाला कोपरानं ढोसतो आणि ओरडतो, “आपला खाशाबा हाय त्यो!” हेलसिंकीच्या हॉलमध्ये जे कुणी म्हणायला नव्हतं ते इथं हजार तोंडांनी म्हटलं जातंय.

गुलाल उतरतो. घर गहाण आहे ते मात्र तसंच आहे. खर्डेकरांनी तगादा लावलेला नाही. तसा माणूस नव्हता तो. पण खाशाबांना आठवण करून द्यायची गरजच नव्हती. ते कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान ठरवतात. तिकिटं लागतात. तुम्हीही एक काढा आणि फडावर मातीत बसा. हलगी तापवून घेतली जातेय. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल लंगोट कसून हौद्यात उतरतो, माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो. इथं त्याला कुणाकडं अर्धा तास मागायचा नाही. एक कुस्ती होते, दुसरी होते, तो जिंकत जातो, आणि मैदानात जमलेला पैसा प्राचार्यांच्या घरावरचं कर्ज फेडायला जातो.